सरपटणाऱ्या प्राण्यांच्या रोगप्रतिकारक पेशींची दैनिक लय कशी मोजावी

पालीच्या रक्तात दुपारी हेटेरोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जास्त दिसले, मध्यरात्री कमी दिसले, म्हणून दैनिक लय आहे, असा निष्कर्ष वारंवार काढला जातो. असे बरेचसे आलेख प्रत्यक्षात तापमानाचे असतात. काही हाताळणीच्या ताणाचे असतात, तर काही निव्वळ टक्केवारीने घडवलेले. पाल, सरडा, साप, कासव यांचे शरीर भोवतालच्या उष्णतेवर चालते. त्यामुळे उंदीर किंवा माणसासाठी लिहिलेली पद्धत जशीच्या तशी उचलली की पहिल्याच दिवशी चूक होते, आणि ती शेवटपर्यंत लक्षात येत नाही.

खालचा क्रम जिवंत प्राण्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मोजण्यासाठी आहे. पेशींचे काम मोजायचे असेल तर टप्पा ७ जोडावा. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आणि वन्य प्रजाती असल्यास परवाना हाती आल्याशिवाय पहिला टप्पाही सुरू करू नये.

## टप्पा १ : प्रश्न ठरवा

तीन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. दिवसभरात पेशींची संख्या बदलते का? तो बदल प्राण्याच्या आतल्या घड्याळामुळे होतो का? आणि पेशींची जंतू गिळण्याची क्षमता बदलते का?

पहिल्यासाठी उजेड-अंधाराचे चक्र पुरते. दुसऱ्यासाठी सतत अंधार आणि स्थिर तापमान लागते. तिसऱ्यासाठी वेगळी चाचणी लागते, कारण रक्तातली संख्या घटली म्हणजे प्रतिकारशक्ती घटली असे होत नाही. पेशी रक्तातून ऊतींमध्ये गेल्या तरी संख्या घटते, आणि तेव्हा त्या कामालाच लागलेल्या असू शकतात. आपला प्रश्न एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. पुढचे सगळे निर्णय त्यावरून होतात.

## टप्पा २ : रक्ताचा हिशोब आधी करा

सरपटणाऱ्या प्राण्यांत रक्त साधारणपणे शरीराच्या वजनाच्या ५ ते ८ टक्के असते. निरोगी प्राण्यातून एका वेळी त्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त काढू नये. २० ग्रॅमच्या सरड्यात एकूण रक्त १ ते १.६ मिलिलिटर, म्हणजे मर्यादा १०० ते १६० मायक्रोलिटर. १०० धरून चाला.

एका नमुन्याला लागते ते असे : एकूण मोजणीसाठी ५ मायक्रोलिटर, दोन स्मिअरसाठी (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) मिळून ८ ते १०, हिमॅटोक्रिटच्या (रक्तातील लाल पेशींचा टक्का) केशनळीसाठी सुमारे ५०. गळती धरून ७०. हाच प्राणी २४ तासांत सहा वेळा वापरला तर ४२० मायक्रोलिटर होतात, म्हणजे मर्यादेच्या चौपट. मग आलेखात दिसते ती लय नसते, रक्तस्रावाला शरीराने दिलेले उत्तर असते.

म्हणून लहान प्राण्यांत दर वेळबिंदूला वेगळे प्राणी घ्या. सहा वेळबिंदू आणि प्रत्येकी ८ प्राणी म्हणजे ४८. मोठे कासव किंवा घोरपडीसारखा मोठा सरडा असेल तर तेच प्राणी पुन्हा वापरता येतात, पण दोन नमुन्यांत तीन-चार आठवडे ठेवा. यांच्यात लाल पेशींची भरपाई सस्तन प्राण्यांपेक्षा संथ होते.

सगळे प्राणी एकाच लिंगाचे, एकाच वयोगटातले, एकाच ऋतूतले हवेत. या प्राण्यांत थायमस आणि प्लीहा हे रोगप्रतिकारक अवयव ऋतूनुसार आकसतात आणि वाढतात, त्यामुळे उन्हाळ्यात सुरू करून हिवाळ्यात संपवलेला प्रयोग जुळवता येत नाही. कात टाकणारे, अंडी धरलेले, गोचीड-माइट असलेले किंवा लाल पेशींत परजीवी आढळलेले प्राणी बाजूला काढा.

तपासणी : प्रयोगाआधी महिनाभर प्रत्येक प्राण्याचे वजन आठवड्यातून एकदा घ्या. वजन सतत उतरत असलेला प्राणी घेऊ नका.

## टप्पा ३ : उजेड आणि तापमान वेगळे करा

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्या.

उष्णता देणारा दिवा उजेडासोबत तापमानाचेही चक्र तयार करतो. सकाळी दिवा लागतो, प्राणी शेकायला येतो, त्याचे शरीर तापते, रक्ताभिसरण वाढते आणि कडेला थांबलेल्या पेशी प्रवाहात येतात. पेशी वाढल्या हे खरे, पण घड्याळामुळे वाढल्या हे यातून सिद्ध होत नाही.

पेटीची मांडणी अशी करा.

१. उजेडासाठी एलईडी पेटीच्या बाहेर, काचेमागे बसवा. एलईडीला वीज पुरवणारी चालक-पट्टीही बाहेर ठेवा, कारण ती तापते.

२. उष्णता तळाच्या पट्टीतून किंवा हवेतून द्या आणि ती उजेडापासून स्वतंत्र नियंत्रकावर चालवा.

३. तापमान नोंदवणारे यंत्र प्राण्याच्या लपण्याच्या जागेतच ठेवा आणि दर ५ मिनिटांनी नोंद घ्या. छताजवळचा आकडा प्राण्यासाठी निरर्थक आहे.

४. स्थिर तापमानाच्या गटात चढउतार अर्ध्या अंशाच्या आत ठेवा. काही सरड्यांचे घड्याळ एक-दोन अंशांच्या चक्रालाही जुळते. इमारतीची वातानुकूलन यंत्रणा रात्री बंद होत असेल तर तुमचा स्थिर गट प्रत्यक्षात स्थिर नसतो.

५. पाणी सतत द्या. अन्न मात्र रोज ठरावीक वेळी देऊ नका, कारण जेवणाची वेळही घड्याळाला खूण ठरते. वेळा बदलत ठेवा. कीटक खाणाऱ्या सरड्यांना नमुन्याआधी दोन दिवस अन्न देऊ नका. सापांचे पचन पूर्ण व्हायला आठवडा किंवा जास्त लागतो.

निदान तीन गट करा : उजेड-अंधारासोबत तापमानाचे चक्र, उजेड-अंधार पण स्थिर तापमान, आणि सतत अंधार व स्थिर तापमान. पहिल्या गटात दिसलेली लय दुसऱ्यात नाहीशी झाली तर ती उष्णतेची होती. दुसऱ्यात टिकली आणि तिसऱ्यात गेली तर ती उजेडाला दिलेली थेट प्रतिक्रिया असावी. तिसऱ्यातही टिकली तर आतल्या घड्याळाची शक्यता पुढे येते. एकच गट परवडत असेल तर दुसरा घ्या, आणि निष्कर्षही तेवढ्यापुरताच ठेवा.

नव्या चक्राला प्राणी जुळायला निदान दोन आठवडे द्या. चक्र १२ तासांनी उलटवले असेल तर तीन.

सावधान : डोळे झाकले म्हणजे अंधार झाला असे या प्राण्यांत धरू नका. बऱ्याच सरड्यांना डोक्यावर तिसरा, पार्श्विका डोळा असतो. पिनियल ग्रंथी आणि मेंदूच्या खोल भागातील पेशीही उजेड टिपतात. लांब तरंगलांबीचा लाल उजेड ऊतींतून खोलवर जातो, म्हणून मंद लाल दिवाही निरुपद्रवी नाही. शक्य तिथे इन्फ्रारेड चष्मा वापरा. तो नसेल तर मंद लाल दिवा काही सेकंदच लावा आणि सगळ्या वेळबिंदूंना, दिवसाच्या सुद्धा, तोच लावा.

## टप्पा ४ : वेळापत्रक बसवा

उजेड लागतो तो क्षण ‘झेडटी ०’ धरा (झेडटी म्हणजे उजेड लागल्यापासूनचे तास) आणि नोंदी त्याच मापात ठेवा. दर ४ तासांनी एक असे सहा बिंदू ही किमान गरज आहे. दिवस आणि रात्र असे दोनच बिंदू घेतले तर फरक कळतो, लय कळत नाही. दोन्ही बिंदू नेमके चढाच्या आणि उताराच्या मध्यावर पडले तर फरकही कळत नाही.

रात्रभर जागून नमुने घेणे टाळण्याचा चांगला मार्ग म्हणजे दोन उलट्या पेट्या. पेटी ‘अ’मध्ये उजेड सकाळी ६ ला लागतो, पेटी ‘ब’मध्ये संध्याकाळी ६ ला. मग :

- दुपारी १२ वाजता : अ मध्ये झेडटी ६, ब मध्ये झेडटी १८
- दुपारी ४ वाजता : अ मध्ये झेडटी १०, ब मध्ये झेडटी २२
- रात्री ८ वाजता : अ मध्ये झेडटी १४, ब मध्ये झेडटी २

तीन फेऱ्यांत सहाही बिंदू मिळतात. रात्री ३ वाजता थकलेल्या हाताने काढलेला नमुना आणि दुपारी ताज्या हाताने काढलेला नमुना यांतला फरकही निघून जातो. मात्र पेटी आणि वेळ एकमेकींत अडकू नयेत म्हणून अर्धे प्राणी झाल्यावर पेट्यांची चक्रे अदलाबदल करा, प्राण्यांना पुन्हा तीन आठवडे द्या आणि उरलेले नमुने घ्या.

कोणता प्राणी कोणत्या बिंदूला, हे चिठ्ठी काढून ठरवा. पकडायला सोपे प्राणी आधी उचलले की धीट प्राणी एका बिंदूत जमतात आणि भित्रे दुसऱ्यात.

सतत अंधाराच्या गटात नमुने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या. पहिल्या दिवशी मागच्या उजेडाचा परिणाम शिल्लक असतो. फार उशीर केला तर वेगळी अडचण येते : एका प्राण्याचे घड्याळ २३.५ तासांचे आणि दुसऱ्याचे २४.५ तासांचे असेल तर दहा दिवसांत त्यांच्यात १० तासांचे अंतर पडते. प्रत्येकात लय शाबूत असते, पण सरासरीची रेषा सपाट दिसते. जास्त दिवस थांबणे भागच असेल तर प्रत्येकाच्या हालचालीची नोंद ठेवा आणि वेळ तिच्यावरून मोजा.

## टप्पा ५ : रक्त काढणे

क्रम बदलू नका.

१. प्राण्याला हात लावण्याआधी इन्फ्रारेड तापमापकाने पाठीचे तापमान घ्या. दहा ग्रॅमची पाल तळहातावर लगेच तापते, नंतरचा आकडा तुमच्या हाताचा असतो.

२. पेटीचे दार उघडताच स्टॉपवॉच सुरू करा.

३. कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरकही मोजायचे असेल तर पहिले रक्त ३ मिनिटांच्या आत काढा. त्यानंतरची पातळी पकडल्याच्या ताणाची असते. पेशींची संख्या एवढ्या झपाट्याने बदलत नाही, तरी १० मिनिटांची मर्यादा पाळा आणि लागलेला वेळ सेकंदांत लिहा.

४. साप आणि बहुतेक सरड्यांत शेपटीच्या खालच्या बाजूची शीर वापरा. शेपूट टाकणाऱ्या पालीत ती टाळा. मानेची किंवा हृदयाजवळची शीर वापरावी लागते आणि ते काम प्रशिक्षित पशुवैद्यकाचे आहे. कासवात मानेची शीर उत्तम. शेपटीतून किंवा कवचाखालच्या पोकळीतून काढलेल्या रक्तात लसिका (लिम्फ, ऊतींमधला पातळ द्रव) सहज मिसळते.

५. पहिला थेंब थेट स्लाइडवर घ्या, मग उरलेले रक्त लिथियम हिपॅरिनच्या नळीत, म्हणजे ते गोठत नाही. ईडीटीए या दुसऱ्या गोठणरोधकाने कासवांच्या लाल पेशी फुटतात. हिपॅरिनमुळे स्मिअरला निळसर छटा येते, म्हणूनच स्मिअर आधी.

६. जागेवर कापूस धरून रक्त थांबल्याची खात्री करा आणि प्राणी त्याच्या पेटीत सोडा. हातमोजे काढून हात साबणाने धुवा. वरून निरोगी दिसणाऱ्या प्राण्याकडूनही साल्मोनेला लागू शकतो.

तपासणी : हिमॅटोक्रिट पाहा. बहुतेक प्रजातींत तो २० ते ४० टक्क्यांत असतो. एखादा नमुना गटाच्या बराच खाली असेल आणि त्यात लहान लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) भरपूर असतील तर लसिका मिसळली आहे. तो नमुना वगळा. वगळण्याची मर्यादा मात्र मोजणीआधीच लिहून ठेवा, निकाल पाहून ठरवू नका.

## टप्पा ६ : स्मिअर आणि मोजणी

या प्राण्यांच्या लाल पेशी आणि थ्रोम्बोसाइट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) या दोन्हींत केंद्रक असते. माणसासाठीचे स्वयंचलित यंत्र त्यांना पांढऱ्या पेशी समजते, म्हणून मोजणी हातानेच करावी लागते.

स्मिअर. थेंब पडल्यावर लगेच ओढा आणि हवेत सुकवा, गरम हवा वापरू नका. शुद्ध मिथेनॉलमध्ये ५ मिनिटे स्थिर करा. गिम्सा या रंगद्रव्याचा एक भाग आणि फॉस्फेट बफरचे १९ भाग, पीएच ६.८ ते ७.२, यात ३० ते ४० मिनिटे ठेवा. सगळ्या वेळबिंदूंच्या स्लाइड एकाच तुकडीत मिसळून रंगवा. सकाळच्या एका दिवशी आणि रात्रीच्या दुसऱ्या दिवशी रंगवल्या तर रंगातला फरक वेळेतला फरक म्हणून समोर येतो. झटपट रंगवण्याच्या संचात हेटेरोफिलचे कण विरघळल्यासारखे किंवा चिकटल्यासारखे दिसू शकतात, त्यामुळे ते टाळलेले बरे.

एकूण संख्या. ५ मायक्रोलिटर रक्त ९९५ मायक्रोलिटर नॅट-हेरिक द्रावात (पेशी रंगवणारा पातळ करण्याचा द्राव) मिसळा, म्हणजे १:२०० पातळ होते. न्यूबॉअर कक्षात (पेशी मोजण्याची चौकटी आखलेली काच) भरून ५ मिनिटे पेशी बसू द्या. नऊही मोठ्या चौकटींतल्या पांढऱ्या पेशी मोजा. मोजलेल्या संख्येत तिचाच दहावा भाग मिळवा आणि २०० ने गुणा : दर मायक्रोलिटरमधल्या पेशी मिळतात. नऊ चौकटींत ४० पेशी दिसल्या तर ४४ गुणिले २००, म्हणजे ८,८००. दोन कक्ष भरा आणि त्यांत २० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुन्हा भरा.

प्रकारवार मोजणी. तेलाच्या भिंगाखाली, हजारपट मोठे करून, निदान २०० पांढऱ्या पेशी मोजा. १०० पेशींत १० मोनोसाइट (हाही पांढऱ्या पेशींचा प्रकार) आढळले तर खरी टक्केवारी ५ ते १८ मध्ये कुठेही असू शकते. २०० मध्ये २० आढळले तर ६ ते १५. दैनिक फरक बऱ्याचदा एवढाच असतो, म्हणून १०० वर थांबू नका.

ओळखण्यातले गोंधळ :

- हेटेरोफिलचे कण विटकरी-नारिंगी आणि लांबट टोकदार असतात, इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचे गोल. इग्वानात इओसिनोफिलचे कण निळसर दिसतात.
- लहान लिम्फोसाइट आणि थ्रोम्बोसाइट यांची गल्लत सर्वांत घातक. थ्रोम्बोसाइटचे केंद्रक घट्ट आणि अंडाकार, भोवतीचा भाग जवळपास रंगहीन, आणि ते घोळक्याने असतात. लिम्फोसाइटची कड बारीक आणि निळी असते.
- सापांत अझुरोफिल (मोनोसाइटसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर असतात. त्यांचा रकाना वेगळा ठेवा आणि सर्व स्लाइडना तोच नियम लावा.

स्लाइडवर फक्त सांकेतिक क्रमांक असावा. वेळ माहीत असलेला डोळा संशयास्पद पेशी अपेक्षेच्या बाजूला टाकतो.

तपासणी : दहापैकी एक स्लाइड दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा मोजावी. लिम्फोसाइटच्या आकड्यांत सातत्याने एकाच दिशेने फरक येत असेल तर थ्रोम्बोसाइट मिसळत आहेत.

## टप्पा ७ : पेशींचे काम मोजायचे असल्यास

यीस्ट गिळण्याची चाचणी सर्वांत सोपी. उष्णतेने मारलेले यीस्ट आणि भक्षक पेशी १० : १ या प्रमाणात घेऊन तासभर ठेवा, न गिळलेले यीस्ट तीनदा धुऊन काढा, मिथेनॉलने स्थिर करून गिम्साने रंगवा. १०० भक्षक पेशींपैकी किती पेशींनी निदान एक यीस्ट गिळले, आणि गिळणाऱ्यांनी सरासरी किती गिळले, हे दोन्ही आकडे स्वतंत्र लिहा. पहिला स्थिर राहून दुसराच बदलणे शक्य आहे.

चाचणीचे तापमान सगळ्या वेळबिंदूंना एकच ठेवा आणि ते प्राण्याच्या सवयीचे असू द्या, २८ अंशांच्या आसपास. सवयीने ३७ अंशांवर लावलेले इन्क्युबेटर पालीच्या पेशींना परके आहे. पेशी काढल्यापासून चाचणी सुरू होईपर्यंतचा वेळही सगळ्यांना सारखा हवा. दिवसाचे नमुने लगेच आणि रात्रीचे सकाळी बर्फावरून काढून तपासले, तर दिसणारी लय बर्फाची असते.

## टप्पा ८ : गणित

आधी टक्केवारी सोडा. समजा दर मायक्रोलिटरला हेटेरोफिल ३,०००, लिम्फोसाइट ६,००० आणि इतर १,००० आहेत. लिम्फोसाइट ६० टक्के. आता फक्त हेटेरोफिल ५,००० झाले. लिम्फोसाइट ६,०००च आहेत, पण टक्केवारी ५० वर आली. टक्केवारीचा आलेख लिम्फोसाइटना लय असल्याचे दाखवेल, आणि ते खोटे असेल. हेटेरोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तरही एकट्याने देऊ नका, दोन्ही मूळ संख्या सोबत द्या. संख्यांचा लॉगरिदम घेऊन मग पुढे जा.

कोसाइनर बसवा, म्हणजे आकड्यांवर २४ तासांची लहर जुळवून पाहा. वेळेला तासांत मोजून १५ अंशांनी गुणा, त्याचे कोसाइन आणि साइन काढा आणि पेशींची संख्या या दोन रकान्यांवर बसवा. स्थिरांक म्हणजे लयीची मध्यपातळी, दोन सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे आयाम (मध्यपातळीपासून शिखरापर्यंतची उंची). शिखराची वेळ काढताना बहुतेक जण घसरतात. कोसाइनचा सहगुणक उणे १ आणि साइनचा १.७३ असेल तर साध्या व्यस्त टॅन्जंटने उणे ६० अंश मिळतात, म्हणजे झेडटी २०. खरे उत्तर १२० अंश, म्हणजे झेडटी ८. चूक तब्बल १२ तासांची. दोन्ही चिन्हे पाहून चतुर्थांश ठरवणारे फलन वापरा आणि मूळ बिंदूंच्या आलेखावर शिखर खरोखर तिथे दिसते का ते डोळ्यांनी पाहा.

तोच प्राणी पुन्हा वापरला असेल तर प्रत्येक प्राण्याचा वेगळेपणा हिशोबात घेणारे मिश्र प्रतिमान लागते, साधे कोसाइनर नाही. दिवसात दोन शिखरे दिसत असतील तर १२ तासांची लहर जोडा. सतत अंधारात बरेच दिवस गेले असतील तर कालावधी २४ वर खिळवू नका. पाच प्रकारच्या पेशी तपासल्या असतील तर एकाच वेळी पाच चाचण्या केल्याने योगायोगाने लय दिसण्याची शक्यता वाढते, तिची दुरुस्ती करा. आयामच शून्यापासून वेगळा ठरत नसेल तर शिखराची वेळ छापू नका.

लय सापडली नाही तर ‘लय नाही’ असे लिहून मोकळे होऊ नका. मध्यपातळी, आयाम आणि आयामाची ९५ टक्के विश्वास-मर्यादा मूळ संख्यांच्या मापात द्या. मर्यादेची वरची कड मध्यपातळीच्या ४० टक्क्यांवर असेल तर तुमच्या प्रयोगाने मोठी लयही नाकारलेली नाही. ती ५ टक्क्यांवर असेल तर नाकारली आहे.